सीमाभागातल्या दूध संस्थांच्या चेअरमन-संचालकांना खुले पत्र : दूधबिलात डॉक्टरच्या फीचा रकाना उघडा

मान्यवर चेअरमन, संचालक आणि सेक्रेटरी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग, खानापूरची जांबोटीकडची बाजू आणि हद्दीपलीकडची चंदगड तालुक्यातली काही गावं, एवढ्या पट्ट्यात मी बरीच वर्षं जनावरांचा खाजगी डॉक्टर म्हणून फिरतो आहे. आपल्यापैकी अनेकांच्या गोठ्यात माझं येणं-जाणं आहे. सरकारकडे ज्या मागण्या करायच्या त्या आमची संघटना करते. हे पत्र मात्र मुद्दाम आपल्याला लिहितोय, कारण मी ज्याबद्दल बोलणार आहे ते बेंगळूरला किंवा मुंबईला ठरत नाही. ते आपल्या संस्थेच्या मासिक मीटिंगात ठरतं.

आपल्या भागात खाजगी पशुवैद्यकाचा धंदा बसत चालला आहे. माझ्या बरोबरीचे काहीजण शहरात गेले, काहींनी औषध कंपनीची नोकरी धरली. त्यांच्या जागी गावात कोणी आलं नाही. हा प्रश्न आम्हा डॉक्टरांच्या पोटापाण्याचा आहेच, ते मी लपवत नाही. पण डॉक्टर गेला की पहिला फटका तुमच्या सभासदाला बसतो, आणि त्यामागोमाग संस्थेच्या दुधाला.

आधी आमच्या धंद्याचं गणित सांगतो. बाहेरून बघणाऱ्याला ते कळत नाही, आणि तुमच्याशी बोलताना आम्हीही कधी ते उघडून मांडत नाही. आमच्याकडे दोन तऱ्हेची कामं येतात. एक सोपी, रोजची : माजावर आलेली म्हैस भरवणं (रेतन करणं), गाभण तपासणं, जंताचं औषध, गोचिडाचं औषध, साधा ताप, पोटफुगी. दुसरी अवघड आणि अवेळी येणारी : वासरू अडलेलं, वार पडलेली नाही, अंग बाहेर आलंय, व्यालेली म्हैस बसली ती उठत नाही, सिझेरियन. अवघड कामाला तीन-चार तास जातात, हाताखाली माणूस लागतो, औषध-सलाईनचा खर्च मोठा होतो, आणि त्या सगळ्याचे पूर्ण पैसे कधीच घेता येत नाहीत. ज्याचं रेडकू नुकतंच मेलंय, ज्याची म्हैस आटायला लागलीय, त्याच्यापुढे उभं राहून पूर्ण बिल मागायला जीभ उचलत नाही. म्हणून अवघड काम सोप्या कामावर चालतं. रात्री दोनला येणारा डॉक्टर दिवसाच्या कामावर जगतो. हेच समीकरण गेल्या काही वर्षांत मोडलं.

सोपी कामं एकेक करून दुसऱ्यांकडे गेली आणि अवघड तेवढी आमच्याकडे राहिली. यातल्या सगळ्याच बदलांबद्दल माझी तक्रार नाही. 2019 पासून केंद्राच्या कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताची लस फुकट मिळते, चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि रेडींना सांसर्गिक गर्भपाताची लस मिळते. ती फुकटच असायला हवी. साथ कोणाचा गोठा बघून येत नाही, हे आपण 2022 मध्ये लम्पीच्या वेळी डोळ्यांनी पाहिलं. 1962 नंबरवर बोलावता येणारी फिरत्या दवाखान्याची गाडीही चांगली सोय आहे. पण योजनेचा हिशोबच साधारण एक लाख जनावरांमागे एक गाडी असा आहे. गाडी एका टोकाला असताना दुसऱ्या टोकाला म्हैस अडली तर शेतकरी काय करणार? तो पुन्हा आम्हालाच फोन लावतो. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आमचेच सहकारी आहेत. एकेकाकडे दोन-दोन ठिकाणचा चार्ज असतो, वर टॅगिंग (जनावरांच्या कानात बिल्ले मारणं), पशुगणना आणि मीटिंगा. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

आमची खरी स्पर्धा आहे ती मोटारसायकलला पिशवी अडकवून फिरणाऱ्या, सुया मारणाऱ्या माणसाशी, आणि आपल्या संस्थेतल्या औषधाच्या कपाटाशी. कुठल्या एका संस्थेचं नाव मी घेत नाही. थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चित्र आहे. रेतनाचं थोडं प्रशिक्षण घेतलेला गावातलाच मुलगा संस्था कामाला ठेवते. सुरुवातीला तो फक्त भरवतो. मग तापाचं इंजेक्शन देतो. वर्षभरात तो सलाईन लावायला लागतो, आणि लोक त्याला डाक्टर म्हणायला लागतात. औषध संस्थेच्या कपाटातून निघतं, पैसे दूधबिलातून कापले जातात.

दूधबिलाची ती पावती एकदा समोर घेऊन बघा. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर. खाली कपात : पशुखाद्याची पोती, खनिज मिश्रण, ॲडव्हान्स, कुठे सोसायटीचं कर्ज, आणि 'औषध'. हे औषध म्हणजे बिनडॉक्टरच्या हातून गेलेलं औषध. त्याची वसुली पक्की, दर बिलाला आपोआप. माझी फी त्या पावतीवर कुठेच नसते. ती शेतकऱ्याच्या तोंडी असते : "बिल आलं की देतो, डाक्टर." बिल येतं. कपात होऊन जे हातात पडतं त्यात शाळेची फी असते, किराणा असतो. डॉक्टर मागे राहतो. शेतकरी बुडवा आहे असं मी म्हणत नाही. आपल्या पावतीनेच कोणाचे पैसे आधी आणि कोणाचे नंतर हे ठरवून टाकलंय.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण ते माहीत नसल्यामुळे अनेक संचालक अडचणीत येऊ शकतात. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 चा आहे. त्याच्या कलम 30 प्रमाणे नोंदणीकृत पशुवैद्यकाशिवाय कोणालाही जनावरांवर उपचार करण्याचा व्यवसाय करता येत नाही. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्यांना राज्य सरकार आदेश काढून किरकोळ सेवेची परवानगी देऊ शकतं, म्हणजे लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशी प्राथमिक कामं. तीही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. शिरेतून सलाईन, प्रतिजैविकं, स्टिरॉइड, अडलेल्या म्हशीला कळा आणणारं इंजेक्शन यात बसत नाही.

कळा आणणाऱ्या इंजेक्शनचं का वेगळं सांगितलं, ते एका प्रसंगावरून सांगतो. पावसाळ्यातली गोष्ट, किणयेच्या पुढे. संध्याकाळी फोन आला, "डाक्टर, म्हस सकाळपासनं कळा देतीया, पन पिशवी दिसंना. लगोलग या." पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. म्हैस पाय झाडत होती, उठत होती, बसत होती. घरच्यांना विचारलं, कोणी काही दिलंय का? आधी कोणी बोलेना. मग म्हातारीने सांगितलं, "त्येनं दोन सुया दिल्या, म्हणाला तोंड उघडंल." हात घातला तर आतली वाट सुरळीसारखी पिळवटलेली. गर्भाशयाला पीळ पडला होता. आपल्याकडच्या म्हशींमध्ये हे नेहमी आढळतं. पीळ असताना गर्भाशयाचं तोंड उघडूच शकत नाही. अशा वेळी कळा वाढवणारं औषध दिलं की बाहेर पडायला वाट नसलेल्या गर्भाशयावरच जोर येतो आणि ते फाटू शकतं.

पीळ कुठल्या बाजूला आहे ते बोटांनी ओळखायचं, म्हशीला त्याच कुशीवर झोपवायचं, पुढचे आणि मागचे पाय वेगवेगळे बांधायचे, पोटावर लांब फळी तिरकी ठेवायची, फळीच्या खालच्या टोकाला एकाने उभं राहायचं आणि बाकीच्यांनी म्हशीला एकदम पिळाच्याच दिशेने लोळवायचं. फळीमुळे वासरू जागीच राहतं आणि म्हैस त्याच्याभोवती फिरते. त्या रात्री वाड्यातली सगळी तरणी पोरं चिखलात उतरली. पहिल्यांदा पीळ थोडा सैल झाला. पुन्हा लोळवलं. नंतर हात घातला तेव्हा वाट सरळ झालेली आणि पाणी माझ्या कोपरावरून वाहत आलं. रेडकू मेलेलं निघालं. म्हैस वाचली, पण त्या वेताचं दूध निम्म्यावर आलं. सकाळी फोन आला असता तर रेडकू वाचण्याची आशा होती. सकाळचा फोन त्या मुलाला गेला, कारण तो संस्थेचा, त्याचे पैसे बिलातून जातात, रोख काही द्यावं लागत नाही.

त्या घरचं नुकसान नुसतं रेडकाचं नाही. म्हैस दहा महिने पोटात वासरू वाढवते, दूध कमी पडलं तरी वैरण तेवढीच खाते. हिशोब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल.

स्वस्त रेतनाचंही तसंच आहे. वीर्याची कांडी उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये असते. ती बाहेर काढली की 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरून लगेच वापरायची असते. ती थर्मासात टाकून गावोगाव फिरवलेली मी पाहिली आहे. अशी म्हैस उलटते, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येते. मग शेतकऱ्याचे एकवीस दिवस जातात, आणि उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका असला तर पुढचा माज कळतच नाही, महिने जातात. कांडीमागे वाचलेले पन्नास-शंभर रुपये त्यात कुठल्या कुठे जातात. नायट्रोजनची टाकी दर काही दिवसांनी भरून आणणं, पाणी मोजून गरम करणं, माजाची वेळ बघून परत येणं, हे सगळं करणाऱ्याचा खर्च जास्त येतो म्हणून त्याचा दर जास्त असतो.

आता कपाटाबद्दल. ऊस तोडणीच्या हंगामात आपल्याकडे जनावरं वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या हिरव्या पाल्यावर असतात. निव्वळ वाढी खाऊ घातली की त्यातल्या ऑक्झलेटमुळे अंगातलं कॅल्शियम बांधलं जातं. म्हणून हिवाळ्यात व्यालेली म्हैस बसली की लोक कपाटातली कॅल्शियमची बाटली आणतात. पुष्कळदा ती लागूही पडते. पण घाईने शिरेत सोडली तर हृदय बंद पडून जनावर जागेवर मरतं. आणि बसलेल्या प्रत्येक म्हशीला कॅल्शियमच लागतं असं नाही. लाल लघवी करणारी म्हैस घ्या. व्यायल्यानंतर फॉस्फरस कमी पडल्यानेही लघवी लाल होते आणि गोचिडामुळे होणाऱ्या बबेसिया या रक्तातल्या परजीवीच्या आजारानेही. दोघांची औषधं अगदी वेगळी. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय ठरवणं म्हणजे जनावराच्या जीवाशी खेळणं. सूक्ष्मदर्शक, फ्रीज, ऑपरेशनची हत्यारं, सोनोग्राफीचं यंत्र यात आमचे पैसे अडकलेले असतात. पशुवैद्यकीय सेवेवर जीएसटी नाही हे चांगलं, पण त्यामुळेच यंत्रावर आम्ही भरलेला जीएसटी आम्हाला वळताही करून घेता येत नाही. हा सगळा खर्च दिवसाच्या साध्या कामातूनच निघायचा असतो.

त्याच कपाटात प्रतिजैविकं असतात. इंजेक्शन दिल्यावर किती दिवस दूध संस्थेत घालायचं नाही, हे प्रत्येक औषधाचं ठरलेलं असतं आणि बाटलीवर लिहिलेलं असतं. सुई मारणारा ते सांगत नाही, कारण सांगितलं तर शेतकरी त्याला परत बोलावणार नाही. संस्थेत फॅट आणि एसएनएफ लागतं, प्रतिजैविकाचा अंश तिथे दिसत नाही. तो पुढे प्लांटवर दिसतो, किंवा कुठेच न दिसता लहान मुलाच्या पेल्यात जातो. सरकारने कोलिस्टिन 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत बंद केलं. जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक गिधाडं मेली म्हणून 2006 मध्ये बंद झालं, ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन 2023 मध्ये. आपल्या कपाटात यातलं काही शिल्लक आहे का, हे बघण्याची जबाबदारी आज कोणावर आहे?

काहीजण म्हणतील, डॉक्टर महाग आहेत, वेळेवर येत नाहीत, कंपनीची स्कीम बघून औषध लिहितात. यातली शेवटची तक्रार आमच्या धंद्यात खरी आहे, आणि शेतकऱ्याने ती करायलाच हवी. त्यावर उपाय सोपा आहे. फी वेगळी, औषध वेगळं, दोन्ही कागदावर लिहून सभासदाच्या हातात. मी तसं करतो, आणि तसं न करणाऱ्या डॉक्टरला तुम्ही संस्थेत पाऊल ठेवू देऊ नका. वेळेवर न येण्याचं म्हणाल तर, जिथे आधी तीन डॉक्टर होते तिथे एक उरला की तो कुदरेमानीत असताना तुडयेचा फोन येणार आणि तिथे असताना जांबोटीचा. आणि जे उरलेत तेही एकमेकांची फी पाडत बसलेत. ते थांबवणं आमचं काम आहे.

नवीन मुलं का येत नाहीत याचंही उत्तर यातच आहे. अथणीला, आपल्याच जिल्ह्यात, पशुवैद्यकीय महाविद्यालय झालं. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं शिकलेली मुलं तिथून बाहेर पडतील. ती बेळगाव शहरात टिळकवाडीत किंवा पुण्यात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना काढतील, कारण तिथे लस दिली की फी लगेच हातात पडते आणि पावसात गोठ्यात झोपून वासरू ओढावं लागत नाही. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण त्यातली दोन-चार मुलं आपल्या पट्ट्यात यावीत असं वाटत असेल, तर त्यांना इथे कशावर जगायचं ते दाखवावं लागेल, आणि ते तुमच्या हातात आहे.

माझी पहिली विनंती अशी की दूधबिलाच्या कपातीत नोंदणीकृत डॉक्टरच्या फीचा रकाना घाला. सभासदाची सही असलेली चिठ्ठी डॉक्टरने द्यायची, संस्थेने बिलातून कापून डॉक्टरला द्यायचं. मोठी रक्कम असली तर तीन-चार बिलांत विभागून कापा. संस्थेला एक पैसा तोशीस नाही. एवढं झालं तरी शेतकरी सकाळीच डॉक्टरला फोन करेल, कारण रोख पैसे नाहीत ही अडचणच राहणार नाही. बाकी काही जमलं नाही तरी हे करा.

दुसरं, शेजारच्या पाच-सहा संस्थांनी मिळून एक-दोन डॉक्टरांशी वर्षाचा करार करावा. जनावरामागे ठरलेली रक्कम, त्यात महिन्याची ठरलेली फेरी, गाभण तपासणी, वांझपणाची तपासणी, आणि रात्रीचा फोन. आज आमची कमाई जनावर आजारी पडण्यावर आहे. करार झाला तर जनावर निरोगी राहण्यातच डॉक्टरचा फायदा. करारात डॉक्टर कर्नाटकात नोंदलेला की महाराष्ट्रात, यावरून अडवू नका. नोंदणी देशभर चालते, आणि सीमेवरच्या गोठ्याला जवळचा डॉक्टर लागतो.

तिसरं त्या मुलाबद्दल. त्याला काढून टाका असं मी म्हणत नाही. तो पहाटे उठतो, कुठल्या घरची म्हैस माजावर आहे हे त्याला माझ्याआधी कळतं, आणि गावात राहून चार पैसे मिळवायचा त्याला पूर्ण हक्क आहे. त्याला डॉक्टरच्या देखरेखीखाली आणा. रेतनाचं, जखमेचं, जंताच्या औषधाचं काम त्याने करावं, रोजची नोंद वहीत करावी, डॉक्टरने ती आठवड्याला तपासावी. अशा मुलांना शिकवायला मी स्वतः वेळ देईन, त्याचे पैसे घेणार नाही. आणि कपाटातली प्रतिजैविकं, स्टिरॉइड, कळा आणणारी इंजेक्शनं, शिरेतल्या बाटल्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय बाहेर पडू नयेत असा ठराव करा.

गणपतीच्या आधी बहुतेक संस्थांच्या वार्षिक सभांची तयारी सुरू होते. त्याआधीच्या एका मासिक मीटिंगात कपातीचा हा एकच विषय घ्या. ज्या संस्था बोलावतील तिथे मी येतो, चिठ्ठीचा नमुना आणि कराराचा कच्चा मसुदा बरोबर आणतो. सेक्रेटरींनी फक्त मागच्या वर्षीच्या औषध-कपातीचा आकडा आणि त्या वर्षात सभासदांची मेलेली, उलटलेली, आटलेली जनावरं किती, एवढं काढून ठेवावं. दोन्ही आकडे टेबलावर ठेवूनच बोलू.

आपला,
बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातला एक खाजगी पशुवैद्यक